फळीवरचा पाहुणा वाडगा

मन्नूबियाच्या स्वयंपाकघरात सगळ्यात वरच्या फळीवर एक वाडगा पालथा घातलेला होता. नाबुलच्या कुंभारांनी केलेला, पांढऱ्यावर निळे मासे काढलेला. त्याला कुणी हात लावायचा नाही असा घरात कायदा होता, आणि घरात मन्नूबिया एकटीच राहत असल्यामुळे तो कायदा कधी मोडला गेला नव्हता. रोज सकाळी दूध तापवताना ती त्याच्याकडे बघून नाक मुरडायची. आगंतुक पाहुणा तीन वर्षं झाली तरी जायचं नाव काढत नाही म्हटल्यावर कुणीही मुरडेल.

वाडगा भिंतीपलीकडच्या तुरकियाचा. मक्तरच्या वरच्या अंगाला, डोंगरात असलेल्या त्या गावात भरून आलेलं भांडं रिकामं परत करत नाहीत. रिकामं पाठवलं तर समोरच्याच्या तोंडावर दार आपटल्यासारखं होतं. भरून पाठवलं तर जिच्याशी तीन वर्षं बोलणं बंद आहे तिच्यापुढे आपण होऊन मान तुकवल्यासारखं होतं. मन्नूबियाला दोन्ही नको होतं. म्हणून वाडगा फळीवर.

बाई वाईट नव्हती. तिचं म्हणणं इतकंच होतं की या जगात कुणी कुठलंही काम धड करत नाही आणि ते ज्याचं त्याला तोंडावर सांगणं आपलं कर्तव्य आहे. एका नवरीला तिने ऐन लग्नात, हातावरची मेंदी ओली असताना, झग्याची शिवण वाकडी गेल्याचं सांगितलं होतं. इमामाला मशिदीच्या दारात थांबवून खोकला कसा काढावा हे शिकवलं होतं. आणि मक्तरला दिलेल्या नणंदेला, वरीदाला, ती दर ईदला फोनवरून चोर म्हणायची. मन्नूबियाला लग्नात आईने नाबुलचे सहा वाडगे दिले होते, त्यातला एक नाहीसा झाला होता. वरीदा त्या सुमाराला दोन दिवस राहून गेली होती. याहून जास्त पुरावा मन्नूबियाला लागत नव्हता. उरलेले पाच तिने घोंगड्यांत गुंडाळून पेटीत घातले आणि किल्ली गळ्यात बांधली.

तसे निळे मासे गावात निम्म्या घरांत पोहत होते. नाबुलचा फेरीवाला वर्षानुवर्षं तोच माल गाढवावर लादून आणायचा. पण आपल्या वाडग्यांवरचे मासे जास्त सुबक, असं मन्नूबियाचं ठाम मत होतं. तुरकियाच्या या वाडग्यावरचे मासे तिला सुजल्यासारखे वाटायचे.

मन्नूबिया आणि तुरकिया एकाच शरदात नवऱ्या म्हणून त्या गावात आल्या. मन्नूबियाने येताना डोक्यावरच्या रुमालाच्या गाठीत माहेरच्या रानातल्या पाइनचं चिमूटभर बी आणलं होतं. सासूला वाटलं सोनं आहे; गाठ सुटल्यावर तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. ते बी मन्नूबियाने फुटक्या रांजणात पेरलं आणि त्यातलं एकच रोप जगलं. ते दोन घरांच्या मधल्या भिंतीशी लावलं. पाणी मात्र तुरकियाच्या विहिरीचं, कारण विहीर तिच्याच अंगणात होती. झाड एकीने लावलं आणि दुसरीने वाढवलं. मोठं झाल्यावर ते विहिरीकडे झुकलं. याचं मन्नूबियाला थोडं वाईट वाटलं, पण ती काही बोलली नाही. झाडाला सांगून उपयोग नसतो, एवढं तिला कळत होतं.

पुढे तीसेक वर्षं त्या झाडावर दोघींचा संसार चालला. चीक खोकल्याला आणि टाचांच्या भेगांना, वाळकी पानं शेळ्यांखाली, रिकामी बोंडं चुलीत. आणि बोंडांतलं काळं बारीक बी, झगूगू, ते पैगंबरांच्या जन्मदिवसाच्या असीदेला. त्या दिवशी सकाळी घरोघर ती काळसर खीर शिजते, वर घट्ट दुधाचा पांढरा थर, त्यावर बदाम-अक्रोडाची नक्षी, आणि वाडगे या घरातून त्या घरात फिरत राहतात.

या पाइनचं बोंड म्हणजे हट्टी प्रकरण. पिकलं म्हणून तोंड उघडेल असं नाही. वर्षानुवर्षं फांदीवर मिटून बसेल, आणि चांगली आच लागली तरच पाकळ्या सोडेल. त्यामुळे कामाची वाटणी ठरलेली होती. मन्नूबियाने आकड्याच्या काठीने बोंडं पाडायची आणि तुरकियाने भाकरी भाजून झाल्यावर उरलेल्या उबेत ती आपल्या मातीच्या भट्टीत उघडायची. बी दोघींनी मिळून झटकायचं, पाखडायचं, निवडायचं. तेव्हा गावभरच्या सगळ्या बातम्याही निवडून व्हायच्या.

बिघडलं ते तीन वर्षांपूर्वी. त्या वर्षी तुरकिया विहिरीजवळ घसरली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. तरी सणाच्या सकाळी तिने डाव्या हाताने असीदा घोटली आणि निळ्या माशांचा वाडगा भरून मन्नूबियाकडे पाठवला. मन्नूबियाने पहिला घास घेतला आणि दाताखाली कचकन खडा आला. दुसऱ्या घासालाही आला. एवढ्यावर गप्प बसेल ती मन्नूबिया कसली. दुसऱ्या दिवशी पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक नळावर सगळ्या बायकांसमोर ती म्हणाली, "तुरकियाची असीदा खाल्ली की महिनाभर दात घासायला नकोत."

बायका हसल्या, पण अर्ध्यावर थांबल्या. हातातली कळशी डाव्या हाताने सावरत तुरकिया मागेच उभी होती. ती पाणी न भरताच घरी गेली आणि दुसऱ्या दिवसापासून भट्टीकडचं फाटक आतून बंद झालं.

तेव्हापासून मन्नूबिया आपली बोंडं उन्हाळ्यात धाब्यावर पसरून उन्हात उघडत होती. उन्हाला घाई नसते, आणि पाखरांना मात्र फार असते. ती दिवसभर हातात काठी घेऊन धाब्यावर बसायची आणि चोच मारायला आलेल्या पाखरांना शिव्या द्यायची. त्या शिव्या भिंतीपलीकडे ऐकू जातील इतक्या मोठ्या असायच्या, आणि पाखरांच्या आईबापांपेक्षा पलीकडच्यांना जास्त लागू पडायच्या.

या वर्षीचा सण पावसाळी दिवसांत आला. आठवडाभर आधी दुकानदार मूंजीकडे साखर घेताना मन्नूबियाला कळलं की तुरकियाचा मुलगा लसाद सणाच्या दिवशी येणार आहे आणि आईला कायमची सूसाला घेऊन जाणार आहे. समुद्राजवळ, तिसऱ्या मजल्यावरच्या घरात.

"जाऊ दे," मन्नूबिया म्हणाली. "भट्टीच्या धुराने माझे कपडे काळे व्हायचे, ते तरी थांबेल."

मूंजी मान हलवून म्हणाला, "खरंय मावशी. पण तीन वर्षं तर धूर तिकडून येतच नाही म्हणतात. एकटीसाठी कोण भट्टी पेटवतं."

मन्नूबिया साखर काउंटरवरच विसरून घरी आली. रात्रीचं जेवण तसंच चुलीवर राहिलं. सासू गेली तेव्हा, नवरा गेला तेव्हा, मुलगा इटलीला गेला तेव्हा भिंतीपलीकडे तुरकिया होती. बोलत नसली तरी होती. सकाळी तिचं खाकरणं ऐकू आलं की मन्नूबिया मनात म्हणायची, उठली म्हातारी. आता ते खाकरणं सूसाला जाणार होतं. मन्नूबियाला भीती वाटली, आणि भीती वाटल्याचा रागही आला. तिने वर फळीकडे पाहिलं. मासे तिच्याकडेच बघत होते.

वाडगा परत द्यायचा, तोही भरून, पण आपण नमलो असं दिसता कामा नये. हे तिने ठरवलं आणि सकाळी वाडग्यात वाळलेली अंजिरं भरली. अंजिरं म्हणजे तटस्थ वस्तू. त्यात ना माफी ना भांडण. वाडगा मूंजीच्या हाती दिला आणि बजावलं, की काही बोलायचं नाही, नुसता द्यायचा.

मूंजी भला माणूस होता, तेच नडलं. हातात उघडं खाणं घेऊन चाललेला माणूस वाटेत भेटेल त्याला 'घ्या' म्हटल्याशिवाय पुढे जाऊ शकत नाही. इमाम भेटला, त्याने घेतलं. पोस्टमन भेटला, त्याने दोन घेतली. मग शाळा सुटली. तुरकियाच्या दारापर्यंत पोचल्यावर मूंजीने वाडग्यात पाहिलं तर एक देठ उरला होता. रिकामा वाडगा दारात नेऊन द्यायचा म्हणजे दोन घरांत रक्तपात, हे त्याला माहीत होतं. तो आल्या पावली मागे फिरला.

"सगळे म्हणाले अंजिरं उत्तम आहेत," त्याने मन्नूबियाला सांगितलं. मन्नूबियाने त्याला जे सांगितलं ते मूंजीने पुढे कुणालाच सांगितलं नाही.

मग उरली असीदाच. खरं तर ती या वर्षी करायचीच नाही असं मन्नूबियाने ठरवलं होतं. एका तोंडासाठी एवढी खटपट कोण करणार. उन्हाळ्यात उघडलेलं सगळं बी तिने केव्हाच मुलाकडे धाडून दिलं होतं. मूंजीच्या दुकानात झगूगू मिळत होतं, पण दुकानाच्या झगूगूची असीदा तुरकियाला पाठवण्यापेक्षा तिने स्वतः तळ्यात उडी घेतली असती. तिने आकड्याची काठी काढली आणि भर पावसात झाडाखाली उभी राहिली.

बोंडं पाडली, पण आभाळ फाटलेलं. उघडायची कशी? तिने ती चुलीजवळ ठेवली, बोंडं ढिम्म. गोधडीखाली गरम विटेबरोबर ठेवली, तरी ढिम्म. शेवटी तिने मोठ्या कढईत घालून खाली जाळ केला. बोंडं उघडली नाहीत, चीक मात्र पेटला. कढईतून काळा लोट उठला, शेळ्या ओरडायला लागल्या, आणि मन्नूबिया डोळे पुसत अंगणात आली तेव्हा तिच्या भुवया अर्ध्या उरल्या होत्या.

भिंतीपलीकडून खाकरण्याचा आवाज आला. मग कुणीतरी मोठ्याने कुणाशी तरी बोलू लागलं.

"मांजरी, तिकडे कुणाचं घर जळतंय का बघ गं. जळत असेल तर विहीर इकडे आहे म्हणून सांग."

मन्नूबियाने तोंडावरची काजळी पदराने पुसली, आणि ती जास्तच पसरली. तीन वर्षांत पहिल्यांदाच त्या आवाजात तिच्यासाठी काहीतरी होतं, भले ते मांजरीमार्फत असेल. तिने पोतं खांद्यावर घेतलं आणि वळसा घालून भट्टीच्या फाटकाशी गेली. फाटकाची कडी काढलेली होती.

तुरकिया भट्टीसमोर बसली होती. भट्टी पेटलेली होती, आणि घरात खाणारं तोंड एकच असताना सहा भाकऱ्या भाजून झाल्या होत्या. मांजर मध्ये बसली होती. मन्नूबिया मांजरीकडे बघत म्हणाली, "मांजरी, विचार त्यांना, उरलेली ऊब कुणाच्या कामाची आहे का. नसेल तर माझ्याकडे थोडी बोंडं आहेत."

"मांजरी, त्यांना सांग," तुरकिया म्हणाली, "की ऊब फुकट जाते म्हणून देतेय. दुसरं काही समजू नये."

"मांजरी, मला काही समजायचंच नाहीये."

"आणि भुवया कुठे गेल्या, तेही विचार."

मांजरीला हा सगळा निरोप्याचा उद्योग पेलेना. ती उठून निघून गेली, आणि दोघींची पंचाईत झाली. कारण आता बोलायचं तर सरळ बोलावं लागणार. तुरकियाने भट्टीत हात घालून आच बघितली, थोडी राख ओढली, बोंडं आत सारली आणि तोंडावर पत्रा लावला. थोड्या वेळाने आतून तडतड सुरू झाली. एक, मग दोन, मग एकदम सगळी. तो आवाज मन्नूबियाने तीन वर्षांत ऐकला नव्हता. धाब्यावरची बोंडं उघडायची ती चोरासारखी, मुकाट. ती भट्टीच्या जरा जवळ सरकली, आणि ते उबेसाठी असं तिने स्वतःला सांगितलं.

बोंडं बाहेर काढून दोघींनी चादरीवर आपटली, बी चोळलं, पंख फुंकून उडवले. सुपात घेऊन निवडायला बसल्या तेव्हा तुरकिया भट्टीकडे बघून एवढंच म्हणाली, "खडे नीट निवडावेत माणसाने. एकदा फार त्रास झालाय लोकांना." मन्नूबियाने ओठ आवळले आणि मान खाली घालून निवडत राहिली. तिला वाटलं, चूक हिची आणि टोमणा मला, म्हणजे काय बाईचा तोरा.

सणाच्या सकाळी तिने बी सात पाण्यांतून धुतलं, दळलं, फडक्यातून गाळलं आणि मनगट दुखेपर्यंत घोटलं. असीदा अशी झाली की तिलाही त्यात खोट काढता आली नाही, आणि असं क्वचितच व्हायचं. निळ्या माशांच्या वाडग्यात ती ओतली, वर दुधाचा थर दिला, बदामांचं झाड काढलं. झाड डावीकडे झुकलं. तिने ते तसंच राहू दिलं.

तुरकियाच्या दारात लसादची भाड्याची गाडी उभी होती. टपावर गाद्या बांधलेल्या. तुरकिया उंबऱ्यात बसली होती, नवा रुमाल बांधून, दात उपटून घ्यायला आलेल्या माणसाच्या चेहऱ्याने. मन्नूबियाने वाडगा तिच्यापुढे धरला आणि रात्रभर पाठ केलेलं वाक्य म्हटलं. "हा तुझा वाडगा. माझ्याकडे राहून गेला होता. कुणाचं भांडं मी ठेवून घेत नाही."

तुरकियाने वाडग्याकडे बघितलं. मग तिच्याकडे.

"माझा? माझ्याकडे कधी मासे नव्हते, बाई. माझे सगळे हिरवे, द्राक्षांचे. हा तुझा आहे."

"माझे पेटीत आहेत."

"किती आहेत?"

मन्नूबियाचा हात गळ्यातल्या किल्लीकडे गेला.

"मनगट मोडलं होतं तेव्हा तू मला यात झगूगू पाठवलंस," तुरकिया म्हणाली. "म्हणालीस, तुझ्याने बी निवडणं होणार नाही, मी निवडून देते. त्याचीच असीदा केली आणि तुझा वाडगा भरून परत पाठवला. माझ्याकडे तुझं काही राहिलं नव्हतं. पाळी तुझी होती."

"म्हणजे ते खडे—"

"तुझेच. मी म्हटलं, निवडून दिलंय म्हणते, आता परत कशाला बघा."

मन्नूबिया उंबऱ्यावर तिच्या शेजारी बसली. तीन वर्षं तिने आपलाच वाडगा ओलीस ठेवला होता. तीन वर्षं वरीदाला फोनवरून चोर म्हटलं होतं. आणि नळावर सगळ्या गावासमोर जी थट्टा केली ती स्वतःच्याच हातची होती.

"तेव्हाच का नाही सांगितलंस?" ती म्हणाली.

"तू मला विचारलंस का? तू नळाला सांगितलंस." तुरकियाने नव्या रुमालाची गाठ घट्ट केली. "मला वाटलं, पुढच्या सणाला पाठवेल. मग वाटलं, त्याच्या पुढच्या. दर वर्षी सकाळपासून फाटकाकडे कान लावून बसायचे मी, मन्नूबिया."

मन्नूबिया तुरकियाचं ते मोडलेलं, जरा वाकडं जुळलेलं मनगट धरून बसली. "चुकलं माझं," ती शेवटी म्हणाली, आणि हे वाक्य वापरात नसल्यामुळे ते तिच्या तोंडून फार जड निघालं. तुरकिया म्हणाली की हे मांजरीसमोर म्हणायला हवं होतं, साक्षीदार झाला असता. मग दोघी हसल्या आणि लगेच रडल्या. लसाद गाडीचा हॉर्न वाजवायला गेला, आणि दोघींनी एकदमच वळून त्याच्याकडे असं बघितलं की त्याने हात मागे घेतला.

निघताना तुरकिया असीदा दुसऱ्या भांड्यात काढायला उठली. मन्नूबियाने तिला खाली बसवलं.

"वाडग्यासकट ने," ती म्हणाली. "माझा आहे, माहितीये मला. म्हणूनच देते. आता पाळी तुझी. आणि रिकामा आणलास तर बघ."

गाडी वळणावरून दिसेनाशी झाली. मन्नूबियाने घरी जाऊन पेटी उघडली. पाच वाडगे होते, आणि त्यांच्यावरचे मासेही तितकेच सुजलेले होते. वरीदाला तिने फोन केला, पण माफी मागायचं धाडस काही झालं नाही. तब्येतीची चौकशी केली आणि चोर न म्हणता फोन ठेवला. वरीदा घाबरली आणि दुसऱ्याच दिवशी तिला बघायला आली.

हिवाळाभर भिंतीपलीकडे शांत होतं. मन्नूबिया रोज सकाळी दूध तापवताना रिकाम्या फळीकडे बघायची. झाडाला ती आता दोन्ही वाटण्यांचं पाणी घालत होती, आपलं आणि तुरकियाचं, आणि विहिरीवरून परतताना भट्टीवरचा पत्रा सरळ करून यायची.

रमजानच्या आधी, एका दुपारी, मक्तरकडून येणारी वडापची गाडी मूंजीच्या दुकानापाशी थांबली. मन्नूबिया धाब्यावर होती. तिने पाहिलं, तर तुरकिया रस्त्यावरून चालत येत होती. दोन्ही हातांत निळ्या माशांचा वाडगा, घट्ट फडकं बांधलेला. वाटेत इमाम भेटला, पोस्टमन भेटला. तिने कुणालाही 'घ्या' म्हटलं नाही, आणि गावाने ते तिला माफ केलं. तिच्या मागून डोक्यावर गादी, खांद्याला वळकटी आणि काखेत उशी घेतलेला मूंजी धापा टाकत येत होता.

मन्नूबिया खाली उतरून फाटकात उभी राहिली. तुरकियाने वाडगा पुढे केला. आत सूसाच्या बाजारातले खजूर होते, बी काढून बदाम भरलेले.

"वाडगा परत करायला आले," तुरकिया म्हणाली. "दुसरं काही समजू नये."

मन्नूबियाने गादीकडे बघितलं, मग वळकटीकडे, मग उशीकडे. मग तिने वाडगा घेतला, एक खजूर तोंडात टाकला, आणि जपून, अगदी जपून चावला.